रकाना अकरा

दुकळेसाहेबांनी यादी दिली आहे. लॅमिनेट करून.
सर्व्हे रिपोर्टच्या अकराव्या रकान्यात
यातलाच एक शब्द घालायचा,
विमा कंपनीला दुसरा कळत नाही.

वोर्न. कोरोडेड. डॅमेज्ड.
डिलॅपिडेटेड. डेरिलिक्ट. कंडेम्ड.
आणि सगळ्यात खाली, धक्क्याच्या बुडालेल्या पायरीसारखा,
टोटल लॉस.

वास्कोच्या ऑफिसात मी ते घोकले,
शाळेत विभक्तीचे प्रत्यय घोकत होते तसेच,
अर्थ कळायच्या आधी चाल पाठ.
मग डिक्शनरी काढली.
कोरोडेडच्या आत कोणीतरी कुरतडत बसलंय.
डिलॅपिडेटेडच्या आत एक दगड आहे, लॅटिनचा,
भिंतीतून निखळलेला;
आता लोखंडाच्या बार्जमध्ये दगड कुठून आणू?
डेरिलिक्ट म्हणजे सोडून दिलेली.
कोणी सोडली, त्याला रकानाच नाही.

एकदा मी फोरलॉर्न लिहिलं होतं.
साहेबांनी लाल पेनाने खोडलं.
"बाई, हा क्लेम आहे."

टर्मिनल यादीत नाही.
तो शब्द बाबांच्या फाइलीवर होता, चिखलीच्या हॉस्पिटलात,
आणि मी तोवर समजत होते, टर्मिनल म्हणजे
जिथे खनिज चढवतात, जिथून जहाज सुटतं.
मी विचारलं, मग कधी सोडणार?
डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

काल कुठ्ठाळीला गेले. नव्या पुलाच्या सावलीत
सात बार्जी, एकमेकींना दोरांनी बांधलेल्या,
खाणी बंद पडल्या तेव्हापासून.
चौथी आमची. सातेरी प्रसन्न.
नावातला 'प्र' गंजून गळाला आहे.
सातेरी सन्न.

होल्डमध्ये गुडघाभर तांबडं पाणी.
कठड्याला बोट लावलं तर पापुद्रा हातात आला,
शिळ्या भाकरीचा यावा तसा.
पत्रा मोजला: बारा मिलिमीटरचा चार उरला आहे.
मनात शब्द ठरला. पेनाचं टोपण काढलं.
तेवढ्यात इंजिनरूममधून धूर, फट् फट् फट्,
इनास तांडेल पंप सुरू करत होता.

सहा वर्षं पगार नाही.
रोज भरतीच्या आधी अर्धा तास तो पाणी उपसतो,
डिझेल पदरचं, गळाला लागेल त्या तांबोशाचं.
रंगाच्या डब्यांत मिरच्या लावल्यात, त्या धरल्यातही.
दोरीवर बनियन वाळतंय.
रकाना सात, बोटीवर मनुष्यवस्ती: नाही.
ते मी ऑफिसातूनच टाइप करून आणलं होतं.

"कितें बरयलें गे?" त्याने हनुवटीने कागद दाखवला.
मला त्याच्यासमोर यादीतलं काही म्हणवेना.
म्हटलं, पोरनी.
"पोरनो हांव," तो म्हणाला. "ती रावल्या."

रावल्या.
बसमध्ये वेर्णा येईपर्यंत मी तो शब्द हातात धरून होते.
मराठीत मला तीन लागतात:
थांबली आहे. वाट बघते आहे. राहते आहे.
कोकणीत तिन्ही एकाच दोराला बांधलेल्या,
एक ओढली की बाकीच्या हलतात.
इनासने कोणती ओढली, ते विचारायला हवं होतं.
कदाचित त्यालाही सांगता आलं नसतं.
बाबांच्या उशाशी बसलेल्या मला
हा शब्द कोणी दिला असता तर.

आज सकाळी साहेब म्हणाले, झालं का?
म्हटलं, अकरावा तेवढा राहिलाय.
"यादी बघ ना, यादी कशाला दिलीय?"
यादी बघितली. पंख्याचा उजेड तिच्यावर गरगरत होता,
एकही शब्द नीट वाचता येईना.

मी सातव्या रकान्यातलं 'नाही' खोडलं.
तिथे लिहिलं: एक.
मग आणखी जागा होती म्हणून: आणि मिरच्या.

आज भरती अकरा चाळीसला.
साहेब लाल पेन शोधताहेत.
अकरा वाजून गेले, इनास खाली उतरला असेल.